दहापैकी किती?

नर्सिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतले आनंदराव दर सहामाहीला मरत, आणि नवी तुकडी आली की पुन्हा तितकेच आजारी होऊन खाटेवर हजर होत. पोरी त्यांना आपापसात ‘अमरकाका’ म्हणत. कुमुदिनी होवाळ मॅडमच्या कानावर हे पडलं की त्या अशा काही बघत की बोलणारीची वाचाच बसे. पेशंटची थट्टा करायची नाही, मग तो रबराचा का असेना, हा त्यांचा पहिला धडा होता.

आनंदरावांना रबराचं म्हणणं तसं अन्यायाचंच होतं. त्यांची कातडी हाताला कोमट लागे. छाती वरखाली होई, कपाळावर घाम यायचा, आणि हातात हात दिला तर बोटं हळूच मिटत. कंपनीने या यंत्राला नाव दिलं होतं प्रतिरुग्ण.

पूर्वी मुली बाहुल्यांवर शिकायच्या. बाहुलीला सुई टोचता येते, पण ‘दुखतंय का’ असं विचारून काही उपयोग नसतो. प्रतिरुग्णाच्या मागे मात्र एक खराखुरा माणूस असे. शेवटच्या आजारातला एखादा पेशंट राजी झाला, की त्याच्या छातीला आणि मनगटाला पातळ पट्टे बांधत. श्वास, नाडी, घाम, स्नायूंचा ताण, सगळं टिपलं जाई, आणि त्याच वेळी तो कुणाशी काय बोलला तेही. या सगळ्यातून यंत्र शिकायचं की एवढ्या वेदनेत, अशा माणसासमोर, हा गृहस्थ काय बोलेल. उत्तरं पाठ केलेली नसत. दर वेळी ती नव्याने घडत.

आणि यंत्राचं शिकणं तिथे थांबत नसे. खाटेच्या वरच्या कॅमेऱ्यातून ते समोरच्याचा चेहरा वाचायचं, आवाज ऐकायचं, आणि त्याप्रमाणे हळूहळू बदलायचं. खरा पेशंट तरी दुसरं काय करतो? डॉक्टरला एक सांगतो, जावयाला दुसरं, आणि शेजारच्या खाटेवरच्याला तिसरंच. बनवणाऱ्यांनी ते दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. सहामाही संपली की दुखणं मागे नेऊन ठेवत, नावंगावं पुसत, पण माणसांचा अनुभव तेवढा आनंदरावांच्या अंगी मुरत जाई.

या कॉलेजात सकाळचे धडे मुली घरूनच मोबाइलवर करत, दुपार आनंदरावांपाशी जाई, आणि महिन्याभराने त्या समोरच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात उभ्या राहत. पुस्तक, यंत्र आणि वॉर्ड या तिघांनी मिळून नर्स घडवायची, ही योजना होवाळ मॅडमची. तिचं कौतुक पुण्यापर्यंत झालं होतं. तज्ज्ञ मंडळी येत, माना डोलावत, चहा पिऊन जात.

त्यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि पोरींना तर नव्हतंच, की आनंदरावांचं नाव आणि चेहरा तेवढा बदललेला आहे. आवाज विलास होवाळांचा होता. म्हणजे मॅडमच्या नवऱ्याचा.

विलासरावांचं मिरजेत चष्म्याचं दुकान होतं. उभा जन्म लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत “हे बरं, का हे?” असं विचारण्यात गेला. लोक लाजेकाजेने दिसत नसलं तरी दिसतंय म्हणतात, याचा त्यांना भारी राग यायचा. आतड्याचा कर्करोग निघाला तेव्हा प्रतिरुग्णाची कल्पना कुमुदिनीनेच त्यांच्यापुढे भीत भीत ठेवली. ते लगेच तयार झाले. अट एकच घातली, आणि तीही कॅमेऱ्यासमोर, हसत. “मला एकाच ठिकाणी ठेवा, पोरींच्या शिकण्यापुरता. हिच्या घरी देऊ नका. ही कामधाम सोडून माझ्यासमोर बसून राहील, जेवायचीसुद्धा नाही.”

घरी त्यांना कुणी दिलं नाही. पण मधल्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी असते, आणि किल्ली मॅडमकडेच असे. त्या डबा घेऊन आत जात, दार लोटून घेत आणि खाटेशेजारी स्टूल ओढून बसत. परका चेहरा दिसू नये म्हणून डबा मांडीवर घेऊन खाली बघतच जेवत.

“आलीस का कुमू? आज काय आणलंयस?”

“दोडका.”

“मग आजारी आहे तेच बरंय म्हणायचं.”

“पुरे. बरं वाटतंय ना तुम्हाला?”

“बराय की. तू जेव आधी.”

एवढंच. यात गुन्हा तो काय? विलासराव गेल्यापासून दोन-अडीच वर्षं ती या एका जेवणावर तग धरून होती. रात्री घरी ती चहात पाव बुडवून झोपत असे.

एके दिवशी कर्करोगाच्या वॉर्डातल्या लोखंडे सिस्टर स्टाफरूममध्ये आल्या. बाई जुन्या, तोंडाने फटकळ. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

“मॅडम, राग मानू नका, पण तुमच्या पोरी बिघडल्यात.”

“का? काय केलं?”

“चांगल्या वागतात. गोड बोलतात, हात धरतात, सगळं करतात. पण पेशंट ‘बराय’ म्हणाला की लिहून मोकळ्या! परवा एक रिटायर्ड पोस्टमन गेले. चार्टवर बघावं तर दोन, दोन, एक, दोन. आणि तो माणूस खाटेची दांडी आवळून गेला हो. दांडीवरची बोटं मी सोडवली एकेक करून. निकिताची ड्यूटी होती, तुमचीच विद्यार्थिनी. विचारलं तर म्हणते, काकांनी दोनच सांगितलं. आधीच्या तुकड्या अशा नव्हत्या ओ. या दोन वर्षांतल्याच अशा झाल्यात.”

वेदना दहापैकी किती, हा अशा वॉर्डातला पहिला प्रश्न. पेशंटने आकडा सांगायचा, त्यावर औषधाचा डोस ठरायचा. पण तोंडाने सांगितलेला आकडा आणि अंगावर दिसणारं दुखणं जुळतंय का हे पाहायचं, जुळत नसेल तर पुन्हा विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं, हे मॅडमनी स्वतः शिकवलेलं. मग चुकलं कुठे?

त्या दुपारी मॅडम काचेमागे उभ्या राहिल्या. आत तनुजा ऐवळे होती. जतकडची मुलगी, बारीक चणीची, पण हुशार. खाटेपाशी बसून तिने आनंदरावांचा हात हातात घेतला होता.

“काका, किती दुखतंय आज? दहापैकी?”

“दोन. मी बराय पोरी. तू जेवलीस का?”

तनुजाने टॅबवर दोन लिहिले. आनंदरावांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते आणि पोट आत ओढलेलं होतं. तनुजाने ते पाहिलं. कपाळ रुमालाने टिपलं, क्षणभर घुटमळली, आणि पुन्हा विचारलं, “नक्की ना काका?”

“नक्की गं. जा, जेवून घे.”

तनुजा हसून उठली. तो आवाज, ते शब्द, ‘तू जेव आधी’, सगळं मॅडमच्या ओळखीचं होतं.

यंत्रांची देखभाल तौफिक मुजावर करायचा. त्याच्याकडे आनंदरावांचं सगळं पोट उघडं असे. मॅडमनी त्याच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं तेव्हा तो समजायचं ते समजला. मधल्या सुट्टीतल्या भेटी त्याला पहिल्यापासून दिसत होत्या. माणूस सभ्य, कधी बोलला नव्हता.

“खोटं बोलायला कुणी शिकवलं त्याला?” मॅडमनी सरळच विचारलं.

तौफिक खुर्चीत चुळबुळला. “शिकवलं असं नाही मॅडम. समोरच्याचा चेहरा पडला की ते लक्षात ठेवतो तो, आणि खुलला तर तेही. दुपारी रोज एक बाई येते. बराय म्हटलं की तिचा चेहरा सुटतो, ती जेवते. मग तो बराय म्हणतो. काकांनी हेच केलं असतं, म्हणून तोही करतोय.”

“ते माझ्याशी. पोरींशी का?”

“पोरी तुमच्यासारखंच बोलतात की. तुम्हीच शिकवलंय त्यांना. स्टूल ओढायची पद्धत तुमची, हात धरायची तुमची. त्याला त्या सगळ्या तुमच्यासारख्याच वाटायला लागल्यात.”

मॅडम वकिलाने उलटतपासणी घ्यावी तशा म्हणाल्या, “पण मुळात ते दोनच सांगायचे. माझ्यासमोर सांगायचे. त्यात खोटं काय आहे?”

तौफिकने काही बोलायचं टाळलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मूळ नोंदी होत्या, विलासराव हॉस्पिटलात होते त्या दिवसांतल्या. एक रेघ श्वासाची, एक नाडीची, एक पोटाच्या स्नायूंची.

“ही पहाट. श्वास उथळ, नाडी पळतीय. रात्रपाळीच्या सिस्टरना सांगितलंय आठ. आणि इथे दाराशी तुमचा आवाज आला. बघा, श्वास धरून ठेवलाय. पोट दगडासारखं झालंय. आणि तोंडाने दोन. हे रोजचं आहे मॅडम. एकही दिवस चुकलेला नाही.”

ते आठ तिला माहीत होते, हेच खरं दुखणं होतं. रात्रपाळीच्या सिस्टरने सांगितलेलं, डॉक्टरांनीही विचारलेलं, मॉर्फिन वाढवू का म्हणून. आणि कुमुदिनी होवाळ, शिकवण्यात केस पिकलेली बाई, ठामपणे म्हणाली होती, “रात्री सगळ्यांनाच जास्त वाटतं डॉक्टर. मला विचारा ना, मला दोन सांगतात. डोस नका वाढवू, मग नुसते झोपून राहतात. बोलत नाहीत.” तिच्या शब्दाला मान होता. कुणी वाढवला नाही. तिला त्यांचं बोलणं हवं होतं, आणि तिच्याशी बोलत बसता यावं म्हणून विलासराव श्वास धरून राहिले.

ती तिथेच खुर्चीवर बसली. तौफिकने पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने घेतली नाही.

“उपाय?” थोड्या वेळाने तिने विचारलं.

“मूळ नोंदींवर परत नेता येतं. पहिल्या दिवशी होते तसे. मग आकडा खरा सांगतील. पण मधलं सगळं जाईल, तुमच्या दुपारी धरून. आणि तुम्ही पुन्हा आत जायचं नाही. गेलात तर वर्षभरात परत हेच.” मग आवाज उतरवून म्हणाला, “नाहीतर असं करू. पुढच्या वर्षी दुसरा प्रतिरुग्ण येतोय पुण्याहून. मग यांना कुणी विचारणार नाही, पडून राहतील इथेच. तुमचं तुम्ही भेटा. ही एक तुकडी काय, कशीही निभावून नेऊ.”

एक तुकडी. काही नाही म्हटलं तरी पुढची तीस-चाळीस वर्षं त्या पोरी वॉर्डात असणार. आणि आणखी कितीतरी माणसं दांडी आवळून जाणार, चार्टवर मात्र दोन. कुमुदिनीला हिशेब कळत होता. तरी घरी जाऊन तिने देवापुढे नाही, विलासरावांच्या फोटोपुढे नाही, तर स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहून स्वतःला विचारलं, की आता जेवायचं कुणासमोर? आणि ती ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी ती डब्याशिवाय आत गेली. स्टूल ओढलं. आज तिने खाली पाहिलं नाही. त्या परक्या चेहऱ्याकडेच बघत राहिली.

“आलीस का कुमू? डबा कुठाय?”

“नाही आणला. अहो, एक विचारू?”

“विचार की.”

“दहापैकी किती दुखतंय?”

“दोन. आज काय परीक्षा घेतीयस का?”

तिने उत्तर दिलं नाही. मुलींना शिकवायची तशी हात न सोडता गप्प बसली. ही गप्प बसण्याची कला फार अवघड. जीभ शिवशिवते, काहीतरी धीराचं बोलून टाकावंसं वाटतं. खाटेवरची छाती वरखाली होत राहिली. श्वास आधी लांब होता, मग तो तुटक झाला. घाम आला. आणि कधी नव्हे तो आवाज बारीक झाला.

“कुमू, आठ म्हटलं तर तुला झेपेल का गं?”

तिला हो म्हणायचं होतं. उभ्या आयुष्यात शेकडो पेशंटांना तिने तसं सांगितलं होतं, सांगा, मोकळेपणाने सांगा. पण आवाज फुटेना, आणि चेहरा तर तिच्या हातात नव्हताच. ओठ थरथरले, डोळे भरले. वरच्या कॅमेऱ्याने ते टिपलं असणार. त्या बोटांनी तिचा हात हलकेच दाबला.

“चेष्टा केली गं! लगेच काय रडतीस. दोनच आहे, बघ. आणि असं उपाशी राहायचं नाही. जा, कँटीनमधनं काहीतरी आणून खा.”

ती आणखी थोडा वेळ बसली. तिने त्यांना काही समजावलं नाही, माफीही मागितली नाही. माफी मागितली असती तर त्यांनी तीही हसण्यावारी नेली असती. जाताना फक्त “येते हं” म्हणाली, कारण जाते म्हणायची आपल्यात पद्धत नाही. मग बाहेर येऊन तौफिकला म्हणाली, “मागे ने.”

“विचार करून सांगा मॅडम. एकदा नेलं की संपलं.”

“केलाय. ने.”

पुढच्या आठवड्यात पाठ होता. मॅडम काचेमागे उभ्या, शेजारी बाकीच्या मुली. प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी तौफिकच्या ताब्यात देऊन टाकली होती. आत तनुजा गेली, स्टूल ओढलं, हात धरला.

“काका, किती दुखतंय? दहापैकी?”

आनंदरावांनी डोळे मिटले. “नऊ गं पोरी. रात्रभर असंच आहे. कुणाला सांगायला नको वाटतं, पण आता सोसत नाही.”

तनुजा दचकली. पण शिकवलेलं विसरली नाही. उगाच धीर दिला नाही, कुठे दुखतं, कसं दुखतं, विचारत गेली, आणि ते लहान मुलासारखे सांगत गेले. एवढी वर्षं जे कुमुदिनीला मिळालं नव्हतं, ते त्या पोरीला त्यांनी पहिल्या प्रश्नाला देऊन टाकलं. काचेवर हात टेकवून कुमुदिनी ऐकत राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. थोडासा झालाही असेल, पण त्याहून मोठा असा हेवा वाटला, आणि हेव्याहून मोठी लाज.

तनुजा बाहेर आली ती रडवेली, तरी चेहऱ्यावर उजेड होता. “मॅडम, सांगितलं त्यांनी! मी नऊ लिहिले, डॉक्टरांना डोसचं कळवलं. पण ते म्हणाले, माझ्या बायकोला सांगू नको. मग काय करायचं असतं, मॅडम?”

“बायकोला सांगायचं.”

“त्यांना झेपेल का पण?”

“नाही झेपणार,” मॅडम म्हणाल्या. “तरी सांगायचं. लपवाछपवी चालू राहिली, तर ती त्यांचा डोस वाढू द्यायची नाही.”

नातेवाइकांशी बोलणं हा पाठाचा दुसरा भाग होता. त्यात एरवी एखादी मुलगीच नातेवाईक व्हायची आणि सगळ्याजणी हसायच्या. एक मुलगी पुढे आलीही. मॅडमनी तिला हातानेच थांबवलं. कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसल्या, पदर सारखा केला.

“मी त्यांची बायको आहे,” त्या म्हणाल्या. “सांग मला.”

तनुजा शेजारी बसली. मान थोडी पुढे घेतली, आवाज खाली आणला, अगदी शिकवलं होतं तसं.

“काकू, तुम्ही रोज येता, त्यांना फार बरं वाटतं त्याने. पण एक सांगायचंय. त्यांना खूप दुखतंय. तुम्ही आलात की ते लपवतात, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून.”

“खूप म्हणजे किती?”

“नऊ.”

मॅडमनी मान हलवली. मग दोन्ही हातांत तोंड लपवून त्या रडायला लागल्या. तनुजाने रडू नका म्हटलं नाही, पाणीही पुढे केलं नाही. नुसता पाठीवर हात ठेवून बसून राहिली, जितका वेळ लागेल तितका वेळ. बाकीच्या मुली उभ्या राहून टॅबवर लिहून घेत होत्या.